गिळलेल्या शब्दांची वही

१२ मे

आजपासून नोंद. गेल्या महिन्यात तोतरेपणासाठी संभाजीनगरला एका वाचोपचार तज्ज्ञ बाईंकडं दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा परत येताना हलकं वाटलं. पण जिंतूरहून जायचं म्हणजे पहाटेची एसटी आणि दुकानातला अख्खा दिवस पाण्यात. बाईच म्हणाल्या, "सारखं यायची गरज नाही. तुमची गिऱ्हाइकं तिकडं आहेत, काम तिकडंच करायचंय. आधी मोजायला शिका." म्हणून ही वही.

पुढं वाचताना संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवतो. मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. परवाना माझ्या बीएस्सी ॲग्रीवर आणि तोंड मामांचं, अशी वाटणी. पावत्या, साठा रजिस्टर, गोदाम माझ्याकडं. मामा गावाला गेले की काउंटरही माझ्याकडं, आणि ते मला आदल्या रात्रीच पोटात कळतं.

माझं तोतरेपण म्हणजे नाटकात दाखवतात तसं "प-प-प" नाही. ते कधीमधी. बहुतेक वेळा ओठ मिटतात आणि उघडतच नाहीत. आवाज नाही, हवा नाही. समोरचा बघतोय, वर पंखा फिरतोय. बाईंनी याला अडकणं म्हटलं. अक्षर पुन्हा पुन्हा येणं वेगळं, आवाज लांबत जाणं वेगळं. ओठांची अक्षरं माझी वैरी: प आणि ब. त्यात माझं नाव 'प'वरून आणि जिल्हा परभणी. घरच्यांनी आणि निजाम सरकारनं मिळून केलेली सोय म्हणायची.

पद्धत: दिवसभरात जितक्या वेळा अडकलो तितक्या रेघा. बास.

१८ मे

सहा दिवसांच्या रेघा: ४१, ३८, ३५, १२, ९, ११. उतरता आलेख बघून रात्री बायकोला वही दाखवली. "बरं झालं की," म्हणाली. मग भाकरी उलथता उलथता, "पण तीन दिस झाले, तुम्ही घरात बी काई बोलंनात."

१९ मे

ती बरोबर आहे. ते तीन दिवस मामा दुकानात होते आणि मी गोदामात पोती मोजत बसलो होतो. बोललोच नाही तर अडकणार कशात? ही पद्धत ठेवली तर दुकानापुढचा दगड वहीत पहिला नंबर काढील.

नवा रकाना: गिळलेले. शब्द तोंडाशी आला आणि त्याच्याऐवजी दुसरा टाकला, किंवा काहीच टाकला नाही, की एक रेघ. आजचे एवढे सापडले: 'पावती'ऐवजी बिल. 'पिशवी'ऐवजी थैली. 'पंप' म्हणायचा होता, तर नुसतं बोट दाखवलं. 'बाबा'ऐवजी आजोबा, आणि तो माणूस पन्नाशीचाही नव्हता, रागानं बघितलं त्यानं. फोन वाजला तेव्हा लघवीला गेलो. एकूण १७, आणि त्यातले निम्मे संध्याकाळी डोकं खाजवून आठवावे लागले. इतकी सवय झालीय की गिळताना घास लागतही नाही.

कॉलेजात मराठीचे सर म्हणायचे, तुझा शब्दसंग्रह चांगला आहे. चोराला गावातल्या गल्ल्या पाठ असतात, तसा तो पाठ झालाय.

२५ मे

परभणीला काम होतं. गाडी जिंतूर-गंगाखेड. माझी दहा वर्षांची युक्ती अशी: कंडक्टरला "गंगाखेड" म्हणायचं आणि परभणीला उतरायचं. ग मला लोण्यासारखा जातो. वरचे पैसे जनाबाईच्या पायाशी वाहिले असं समजायचं. आज बसल्या बसल्या हिशोब केला. वर्षाला पंचवीस खेपा धरल्या तरी दहा वर्षांत दोन-तीन बॅटरीवरचे फवारणी पंप आले असते.

हिशोब करूनही आज गंगाखेडच म्हणालो.

२ जून

आरसा. बाईंनी सांगितलेला पहिला सराव हाच होता आणि मी तोच टाळत होतो. दार लावून, मोबाइलचा कॅमेरा चालू करून स्वतःचं नाव घेतलं. अडकल्यावर आपलं तोंड कसं होतं हे एकतीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. खालचा ओठ आत ओढला जातो, हनुवटीवर सुपारीएवढा खळगा पडतो, डावा डोळा मिटतो, मान एकदा उजवीकडं झटकली जाते. मान झटकली की शब्द सुटतो असं मला वाटायचं. व्हिडिओत नीट बघितलं तर शब्द सुटतो तो झटक्यानंतर बऱ्याच वेळानं. म्हणजे मान उगीच राबतेय. कधीतरी लहानपणी योगायोगानं एकदा लागू पडली असेल, तेव्हापासून रोजंदारीवर.

मग 'प'कडं. शाळेत घोकलेलं आज कामाला आलं. प फ ब भ म, ओष्ठ्य, सगळे स्पर्शवर्ण. त्यातला म नाकातून हवा सोडून ताणता येतो: मऽऽ. प ताणताच येत नाही. ओठ मिटायचे, मागं हवा साठायची, ओठ फुटायचे, एवढाच त्याचा जन्म. मी काय करतो, तर ओठ पोत्याचं तोंड शिवल्यासारखे दाबतो आणि मागून जोर लावतो. जितका जोर, तितकी शिवण घट्ट. उपाय उलटा आहे: ओठ ओठाला जेमतेम टेकवायचा आणि हवा आधीच थोडी चालू ठेवायची. विस्तव फुंकताना सुरुवातीला तोंड असतं ना, तसं. या पद्धतीनं खोलीत वीस वेळा नाव घेतलं, सतरा वेळा निघालं. खोलीत. एकटा. माणूस एकटा असला की फारसा अडकत नाहीच, बैलाशी बोलताना तर मुळीच नाही. त्यामुळं या सतराचा फुगा मी स्वतःच फोडून ठेवतो.

९ जून

मृग लागला, ढग आले, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मामा बियाण्याच्या गाडीमागं परभणीला. काउंटर माझं.

झरीकडचे एक म्हातारे बाबा आले, धोतर, खांद्यावर उपरणं. सोयाबीनची बॅग घेतली, मग म्हणाले, "तुरीचं कोन्तं नेऊ? रान मुरमाड हाय." उत्तर मला झोपेत येतं. हलक्या रानात ओल लवकर संपते, म्हणून लवकर येणारा वाण द्यायचा: बीडीएन ७११, बदनापूरच्या संशोधन केंद्राचा, दीडशे-एक दिवसांत निघतो. त्याच केंद्राचा गोदावरी आठ-दहा दिवस जास्त घेतो, तो भारी रानाला किंवा एखादं पाणी देता येत असेल तर.

"बी" म्हणायला ओठ मिटले ते मिटलेच. बाबा काउंटरवर वाकले, डोळे बारीक केले, तोंड वाकडं करून माझ्याकडं बघत राहिले. मागं आठ-दहा माणसं. कुणीतरी खोकललं. आणि माझ्या तोंडून सटकन निघालं, "गोदावरी."

त्यांनी गोदावरी नेलं.

१० जून

झोप नाही. 'पिशवी'ची 'थैली' झाली तर कुणाचं काही जात नाही. इथं माझ्या ओठांपायी एका माणसाच्या एकराचा निर्णय फिरला. त्यांचा फोन नंबर पावतीवर नाही, मीच घाईत लिहिला नाही. आणि असता तरी फोन केला असता का? खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: नसता केला.

६ जुलै

जवळजवळ चार आठवडे नोंद नाही. पेरण्या, दुबार पेरण्या, उगवणीच्या तक्रारी. हंगामात वही कोण उघडतो.

आज थोडी उसंत होती, म्हणून इतक्या दिवसांत वाचलेलं उतरवून ठेवतो. घरात माझ्यावर झालेले इलाज: वेखंड उगाळून मधातून, पोपटानं टोचलेला पेरू, गावातल्या एका हौशी माणसाचा "जिभेखालचा टाका काढा" हा सल्ला (आईनं हाणून पाडला, तिचे उपकार). आणि सगळ्यांचा मिळून एक: हळू बोल, श्वास घे, घाबरू नको. घाबरल्यामुळं तोतरेपण येतं असं सगळ्यांनाच वाटतं. ते घाबरल्यानं वाढतं, येत नाही. बोलण्याची आखणी आणि तोंडाच्या हालचाली यांची वेळ जुळवणारे मेंदूतले भाग अशा माणसांत थोडे वेगळे चालतात. घराण्यातही उतरतं. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी संबंध असलेलं एक जनुक सापडलं, मात्र ते थोड्याच लोकांचं कारण आहे. आमच्यात आजोबांचे चुलतभाऊ असेच होते. लोक त्यांना अबोल म्हणायचे. आता शंका येते, की अबोल होते का गिळत होते?

लहानपणी शंभरातली पाचेक लेकरं काही काळ अडखळतात, दोन ते पाच वर्षांच्या वयात. बहुतेकांचं आपोआप थांबतं. मोठेपणी शंभरात एखादा उरतो, आणि बायकांच्या चौपट पुरुष. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात पंचवीस-तीस जण निघायला पाहिजेत. मला आमच्या गावात दोनच माहीत आहेत, त्यातला एक मी.

शीहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तोतरेपणाला हिमनग म्हटलंय: ऐकू येतं ते वरचं टोक, खाली लाज, भीती, टाळाटाळ. हिमनग काही जिंतुरात बघायला मिळत नाही. आपल्याकडं लव्हाळा आहे. वर चार हिरवी पाती, खुरप्यानं कापली की रान स्वच्छ, आणि खाली गाठी तशाच. आठ दिवसांनी परत हजर. माझ्या १८ मेच्या आलेखात मी पाती कापत होतो.

१७ जुलै

गावात सप्ता. संध्याकाळी हरिपाठाला टाळ घेऊन उभा राहिलो. तीस माणसांच्या आवाजात माझा आवाज, एकदाही अडकला नाही, कधीच अडकत नाही. प, ब, सगळे पाण्यासारखे. सगळ्या जगात तोतऱ्या माणसांचं असंच आहे: एकत्र म्हणताना, गाताना बहुतेकांची जीभ मोकळी होते. आजीला हे माहीत होतं, ती म्हणायची देवाच्या नावात गुण आहे. मी वाद घातला नाही. पण शेजारच्या टाळकऱ्यानं अभंग संपल्यावर विचारलं, "काय, मामा कुठायत?" आणि मी परभणीचा प पकडून उभा.

४ ऑगस्ट

जोडीदार मिळाले. सेलूची एक मुलगी, स्पर्धा परीक्षा देते, मुलाखतीला घाबरते. मानवतचा एक वायरमन, त्याला क छळतो, आणि त्याला दिवसभर 'करंट' म्हणावं लागतं. रविवारी रात्री फोनवर तिघं. नियम एकच: दुसऱ्याचा शब्द पूर्ण करायचा नाही. पहिल्या फोनला चाळीस मिनिटांत तिघांची नावं आणि गावं एवढंच झालं. इतका आराम मला कुठल्याच फोनवर वाटला नव्हता.

काम वाटून घेतलं. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचा एक प्राध्यापक होता अमेरिकेत, स्वतः तोतरा. त्याची पद्धत शब्द अडकूच नये अशी नाही, अडकायचं कसं ते शिकवणारी आहे. पहिली पायरी: अडकून शब्द निघाला की पुढं पळायचं नाही, क्षणभर थांबून तोच शब्द पुन्हा सैल म्हणायचा. दुसरी: अडकलेलं असतानाच ओठ सैल करत बाहेर यायचं. तिसरी: शब्द यायच्या आधीच ओठांची तयारी सैल ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पहिल्या पायरीतलं ते क्षणभर थांबणं म्हणजे भर चौकात धोतर सुटल्यावर सावकाश नेसण्यासारखं.

आणि चौथं, ज्याला सेलूची मुलगी आधी हसलीच: मुद्दाम अडखळायचं. जो शब्द नीट येतो त्यावर, आपल्या मर्जीनं. रोज पाच.

११ ऑगस्ट

मुद्दाम अडखळणं, सात दिवस. दुकानात "ग-ग-गोणी" म्हणालो. गिऱ्हाइकानं मानही वर केली नाही, त्याला भावात रस. चहावाल्याला "द-द-दोन" म्हणालो, त्यानं दोन दिले. मी आयुष्यभर ज्या संकटापासून पळतोय ते स्वतः घरी बोलावलं, तर ते चहा पिऊन गेलं. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही. एका कंपनीच्या पोरगेल्या प्रतिनिधीनं माझी नक्कल करून दाखवली, माझ्यासमोर. वहीत फक्त एवढंच: नक्कल चुकीची होती. मी 'ग'वर अडकत नाही.

३ सप्टेंबर

काल पोळा. आज सगळं उलटं. अडकलेले ५२, गिळलेले २६. काही कारण नाही. झोप बरी झाली होती, भांडण नाही, आजार नाही. वायरमन म्हणतो, त्याचंही असंच, आठ दिवस उजेड आणि मग फ्यूज. बाईंनी आधी सांगितलं होतं की हे वरखाली होत राहतं. सांगितलेलं असलं तरी ज्या दिवशी होतं त्या दिवशी कुणाला ते आठवतं?

रात्री मामांना बोललो. इतकी वर्षं ते माझी वाक्यं पूर्ण करतात, मायेनंच करतात. म्हटलं, "मामा, मी अडकलो की तुम्ही पुढचं बोलू नका. कितीबी वेळ लागू द्या." मामा गप्प झाले. मग म्हणाले, "लेका, मला वाटायचं तुला मदत होती." "होत नाही." "मग आधी कामून नाई बोललास?" यावर दोघंही थोडं हसलो.

१० सप्टेंबर

मामा शब्दाला जागतात. मी अडकलो की आता ते दोन्ही ओठ आवळून, छताकडं बघत बसतात. गिऱ्हाइकाला वाटत असेल दोघांनाही एकाच वेळी काहीतरी झालं.

२२ ऑक्टोबर

आज तोतरेपणाबद्दल जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस, १९९८ पासून पाळतात. त्या निमित्तानं तिघं पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं, परभणीला. सोयाबीनची काढणी चालू, मळणीयंत्रांचा धुरळा रस्ताभर, पण मामांनी सुट्टी दिली.

गाडी तीच, जिंतूर-गंगाखेड. बोरीच्या अलीकडं कंडक्टर आला. मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, हा निम्मा सराव. ओठ टेकवले. अडकले. जोर लावला नाही, मान जागेवर ठेवली, ओठांतून जरा हवा जाऊ दिली. कंडक्टर म्हणाला, "पाथरी?" मागून कुणीतरी, "अहो, गाडी पाथरीला जातीय का?" लोक हसले. गंगाखेड जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, गुळाच्या खड्यासारखं. मी हात वर करून म्हणालो, "थ-थांबा." मग, "प... परभणी." थांबलो. पुन्हा एकदा सैल करून म्हणालो, "परभणी." कंडक्टर म्हणाला, "एकदाच द्यायचंय ना तिकीट?"

सुट्टे नव्हते. तिकिटाच्या पाठीमागं ४० लिहून दिले. हे चाळीस रुपये मी एरवी कधीच मागत नाही, कारण मागायचं म्हणजे परत बोलणं. उतरताना मागितले. यात एकही प किंवा ब नव्हता, तरी अडकलोच, 'चाळीस'च्या 'च'वर, जो आजवर कधी अडकला नव्हता. असं आहे हे.

भेट चांगली झाली. सेलूच्या मुलीनं हॉटेलात तिघांची ऑर्डर दिली, कारण तिला 'पुरी' अवघड जाते.

नोव्हेंबर

एकही धड नोंद नाही. आठवड्याचे आकडे मात्र आहेत. अडकलेले मेपेक्षा कमी नाहीत, उलट थोडे जास्तच, रोजचे पंचेचाळीसच्या घरात. गिळलेले तीन-चार. मामांनी आकडे बघितले आणि तोंड बारीक केलं. त्यांना वाटलं, वाढलंय. मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला आणि त्या समजावण्यातच सहा रेघा पडल्या.

२७ डिसेंबर

दुपारी दुकान रिकामं. झरीचे बाबा आले. हरभऱ्यावर घाटेअळी पडलीय, औषध पाहिजे. मी जूनपासून त्यांची वाट बघत होतो आणि ते येऊ नयेत असंही वाटत होतं. औषध काढलं, दहा लिटर पाण्याला किती टाकायचं ते सांगितलं, पावतीवर लिहिलंही. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"बाबा," म्हणालो. आजोबा नाही. "जूनमध्ये तुम्ही तुरीचं बियाणं नेलं. मला दुसरं सांगायचं होतं. मी तोतरा आहे. शब्द आला नाही, म्हणून गोदावरी बोललो."

बाबा काउंटरवर वाकले. डोळे बारीक केले. तोंड वाकडं केलं, तस्संच, जूनसारखं. आणि उजवा हात कानामागं नेला.

"जरा मोठ्यानं बोल रं लेकरा. ह्या कानानं काईच नाई, त्या कानानं थोडं."

मी तसाच उभा. मग सगळं परत, मोठ्यानं. तोतरा आहे, हेही मोठ्यानं. चहावाला दारात ग्लास घ्यायला आला होता, तो तिथंच थांबला.

बाबा म्हणाले, "तूर तर झ्याक आली. पाऊस लांबला न् शेवटपतूर ओल राहिली. म्या तर पुढच्या साली बी तेच नेणार हाय."

आता झाली पंचाईत. यंदा पाऊस लांबला, पुढच्या साली लांबेलच असं कुठं लिहून ठेवलंय? रान मुरमाडच आहे. म्हटलं, "नाही बाबा. तुमच्या रानाला ब... बीडीएन ७११."

"कोन्तं?"

"बीडीएन."

"दीडियन?"

"बी! ब... ब... बदनापूरचं! बीडीएन!"

"आसं व्हय," बाबा म्हणाले. "लिहून दे मग कागदावर, इसरतो मी."

लिहून दिलं. अडकलेले: ३१. गिळलेले: ०. 'बीडीएन' एकूण तीन वेळा, शेवटचं इतक्या मोठ्यानं की मामा गोदामातून बाहेर आले, कोण भांडायलंय बघायला.